घाटावरची मोजणी

गाड्या मोजायच्या, एवढंच माझं काम. ऐकणाऱ्याला हसू येतं. माझ्या बहिणीचा नवरा ऑस्लोहून आला होता, तो जेवताना म्हणाला, "गुनवोर, मोजायला तर आमचा चार वर्षांचा नातूही मोजतो." मी म्हटलं, "पाठव त्याला जानेवारीत." तेव्हापासून तो फक्त उन्हाळ्यात येतो.

हेस्तफिएलचा घाट सव्वीस किलोमीटरचा. अलीकडे मूएन, तिथे आम्ही राहतो. पलीकडे समुद्रावर स्कार्वनेस. तिथे मासळीचा कारखाना आहे आणि आमच्या निम्म्या गावाचं पोट त्याच्यावर चालतं. फिनमार्कातला, नॉर्वेच्या या उत्तर टोकावरचा वारा एकदा उठला की माथ्यावर आपल्याच गाडीचं बॉनेट दिसत नाही. मग रस्ता बंद, दोन्हीकडची फाटकं खाली. पण त्यामुळे होड्या यायच्या थांबत नाहीत, आणि कॉड मासा कामगारांची वाट बघत ताजा राहत नाही. म्हणून वारा जरा नरमला की ताफा सोडतात. सगळ्यांत पुढे स्वेर्रेचा बर्फ हटवायचा नांगर, त्याच्यामागे कामावर निघालेल्यांच्या गाड्या आणि शेवटी पिवळा दिवा लावलेली माझी गाडी.

मूएनच्या फाटकाशी मी प्रत्येक काचेवर टकटक करते, आत माणूस जागा आहे ना बघते, आणि वायरलेसवर स्वेर्रेला आकडा सांगते. एकदा आकडा सांगितला की ताफ्यात कुणी शिरायचं नाही. चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवायचे. वाटेत काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. पलीकडे स्कार्वनेसच्या फाटकाशी दिव्याचा खांब आहे. त्याच्याखाली स्वेर्रे नांगर बाजूला लावतो आणि समोरून जाणारी एकेक गाडी मोजतो. माझी गाडी यात धरायची नाही. त्याचा आकडा माझ्या आकड्याशी जुळला की फाटक पडतं आणि आम्ही दोघं कॉफी प्यायला जातो. बावीस हिवाळे आकडा जुळत आला आहे. मी या कामात पक्की आहे, सांगायला लाज कसली.

लाज वाटायची ती माझ्या मुलीची. इंग्रुन एकोणतीस वर्षांची आहे, कारखान्यात मासे कापायच्या पट्ट्यावर काम करते, तोंडाने फटाकडी, आणि घड्याळाशी जन्माचं वैर. ती अजून हंगामी होती. मुकादमाने बजावलं होतं, या हंगामात तीन पाळ्या बुडल्या तर घरी बसायचं, नाहीतर ईस्टरनंतर कायम. जानेवारी संपायच्या आत तिच्या दोन बुडाल्या, आणि दोन्ही वेळा फाटक तिच्या तोंडावर मीच पाडलं, कारण आकडा सांगून झाला होता. दुसऱ्या वेळी ती काच खाली करून म्हणाली, "आई, तू मला जन्म दिलास तेव्हाही आधी आकडा कळवला होतास का?" मागचे लोक हसले. मीही हसले असते, पण फाटकाशी मी हसत नाही.

ताफ्यातली ती गोष्ट सुरू झाली जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाच्या फेरीला. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य उगवतच नाही, दुपारी तासभर निळसर उजेड पडतो तेवढाच. बारा गाड्या होत्या. "बारा," मी सांगितलं. नांगर हलला आणि तेवढ्यात मधला म्हातारा कोरे रांगेतून बाहेर पडला. काच खाली करून ओरडला, "शेगडीवर कॉफी राहिली गं!" आणि लाल पिकअप वळवून घरी गेला. मी वायरलेस उचलायला हवा होता. पण वारा कानठळ्या बसवत होता, ताफा चालू लागला होता. म्हटलं, पलीकडे गेल्यावर सांगू.

पलीकडे पोचले तर स्वेर्रे म्हणाला, "बारा. पाडू का फाटक?"

"अकरा," मी म्हटलं. "कोरे परत गेला."

"बारा मोजल्या, बाई."

"डुलकी लागली असेल तुला."

स्वेर्रे त्रेसष्ट वर्षांचा. ओठाखाली कायम तंबाखूची पुडी, त्यामुळे बोलताना तो घुटमळतो. पण त्या दिवशी वायरलेसवर तो जास्तच घुटमळला. मग म्हणाला, "बारावी जुनी होती. राखाडी. इंडिकेटर बंद. आणि बॉनेटवर वीतभर बर्फ, कोरडा. चालू गाडीच्या बॉनेटवर बर्फ टिकतो होय गं?"

नाही टिकत. इंजिन तापलं की बॉनेटवरचा बर्फ दहा मिनिटांत वितळतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मी संध्याकाळी कोरेच्या घरी जाऊन आले. तो मजेत होता, वॅफल खात होता, मलाही एक दिलं. मग मी ठरवलं की स्वेर्रे म्हातारा झाला. तो मोजत नाही, मी सांगितलेला आकडाच परत म्हणतो, आणि पकडला गेला की राखाडी गाड्या काढतो.

हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं मी ज्याच्या जोडीने मोजलं तो माणूस मोजतच नसेल, तर माझ्या मोजण्याला अर्थ काय? म्हणून पुढच्या बुधवारी मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. गाड्या नऊ होत्या. मी सांगितलं, "दहा."

माझ्यापुढे, म्हणजे ताफ्यात शेवटी, मासळीचा मोठा ट्रक होता. त्याचे इंडिकेटर लुकलुकत होते, मी त्यांच्यावर नजर ठेवून चालले होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फात रोवलेल्या काठ्या एकेक करून मागे जात होत्या. माथ्यावर वारा आडवा आला, सगळं पांढरं झालं आणि ट्रक दिसेनासा झाला. हे रोजचंच. मी मनात पाच म्हणेपर्यंत तो पुन्हा दिसतो. त्या दिवशी पाच म्हटल्यावर जे दोन दिवे दिसले ते ट्रकचे नव्हते. ते खाली होते, रस्त्याला टेकल्यासारखे, फिकट लाल, आणि लुकलुकत नव्हते.

मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. ताफ्यात थांबत नाहीत. तेरा किलोमीटर मी त्या दिव्यांच्या मागे चालले. उतारावर एकदा माझे दिवे तिच्या मागच्या काचेवर पडले. काच आतून गोठलेली होती. आत कुणी श्वास घेत असेल तर एवढी गोठत नाही, आणि कुणी श्वास घेत नसेल तर गाडी चालवत कोण होतं, हा विचार मी तिथेच सोडला. खांबाखालून ती गेली आणि जुन्या धक्क्याच्या दिशेला वळली. मी वळणाशी उतरून टॉर्च मारला. ट्रकच्या चाकोऱ्या होत्या. धक्क्याकडे जाणारा बर्फ मात्र सपाट होता.

"दहा," स्वेर्रे वायरलेसवर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

कारखान्याच्या उपाहारगृहात आम्ही समोरासमोर बसलो. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. पावावर तपकिरी चीज लावत राहिला, लावून झाल्यावरही लावत राहिला.

"तू आलीस त्याच्या आधीची गोष्ट," तो म्हणाला. "शेवटच्या गाडीवर तेव्हा तुरमोड होता. त्याने पाच सांगितल्या. टपालाची गाडी बाजूला उभी होती, ती त्याला दिसली नाही, ती आपणहून मागे लागली. म्हणजे सहा निघाल्या."

"आणि?"

"आणि मी इथे पाच मोजल्या. आकडा जुळला, फाटक पाडलं. दुपारी टपालवाल्याच्या बायकोचा फोन आला."

"दरीत गेली असेल."

"बर्फ वितळल्यावर आम्ही ती दरी दोनदा पालथी घातली. एक स्क्रूसुद्धा नाही सापडला." त्याने सुरी खाली ठेवली. "डोंगराला आकडा जुळलेला आवडतो, गुनवोर. एवढंच मला कळलंय. जास्त सांगितलास तर तो भरून देतो. कमी सांगितलास तर काढून घेतो."

"मग खरा सांगायचा," मी म्हटलं. "त्यात काय अवघड आहे?"

मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या हाताला काम होतं आणि ते काम मला येत होतं. त्यानंतर पंधरा दिवस मी प्रत्येक गाडी दोनदा मोजली, आणि एकदाही परकी गाडी दिसली नाही. वर डोंगर असो की साहेब असो, हिशेब चोख ठेवला की दोघंही गप्प बसतात.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. तीन दिवस फाटक उघडलं नाही. शाळा बंद, दुकानात दूध संपलं, पाव संपला. पलीकडे सात होड्या धक्क्याला लागल्या होत्या आणि कारखान्यात माणसं होती अवघी अकरा, तीही तिथेच बाकांवर झोपत होती. मासळीचे ढीग बाहेर गोठत होते. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता वारा थोडा पडला. एकच ताफा सोडायची परवानगी मिळाली, त्यानंतर पुन्हा सगळं बंद. जो या फेरीला पोचणार नाही त्याची पाळी बुडणार.

नऊ गाड्या उभ्या होत्या. कोरे होता, मासळीचा ट्रक होता, स्कार्वनेसच्या दवाखान्यातल्या दोन्ही परिचारिका होत्या. इंग्रुनची निळी गाडी नव्हती. मी दोनदा मोजलं, घड्याळ पाहिलं, आणखी तीन मिनिटं थांबले. इतकी मी कुणासाठी थांबत नाही.

"नऊ," मी सांगितलं.

"नऊ," स्वेर्रे म्हणाला. नांगराने फवारा उडवला आणि ताफा हलला.

ट्रकचं मागचं चाक फाटकाबाहेर पडलं तेव्हा ती आली. तिने गाडी माझ्या शेजारी घसरवत आणली, काच खाली केली.

"आई, गाडी निघतच नव्हती गं. दोन तास फावडं मारतेय. बघ हात."

हात लाल झाले होते. नखातून रक्त आलं होतं.

"आकडा सांगून झाला, इंग्रुन."

"माहीत आहे." ती नेहमीसारखी भांडली नाही, हेच वाईट झालं. "माहीत आहे मला. ही तिसरी. ठीक आहे, आई." आणि ती गाडी वळवायला लागली.

बावीस वर्षं मी कुणासाठी जे केलं नाही ते मी केलं. म्हटलं, वायरलेस हातात आहे, आकडा बदलायला एक शब्द पुरतो. मी हात हलवून तिला पुढे घेतलं, ट्रकच्या मागे, माझ्या अगदी पुढ्यात. फाटक पाडलं आणि बटण दाबलं.

"स्वेर्रे, दहा. ऐकतोस? दहा."

वायरलेसमधून नुसती खरखर आली.

"स्वेर्रे, दहा आहेत. नऊ नाही."

खरखर. मी दर दोन मिनिटांनी सांगत राहिले. पहिल्या वळणावर, पुलाशी, चढावर. मोबाइल घाटात चालत नाही. मी घाबरले नव्हते. वायरलेस माथ्याच्या अलीकडे रडतो आणि माथ्यावर सुधारतो, हा माझा अनुभव. आणि मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती, दहा मीटरवर. इंडिकेटर नीट लुकलुकत होते. आत ती मोठ्याने गात असणार, गाडीत ती कायम गाते.

माथ्यावर निळा उजेड पडला होता, पण त्यात दिसत काहीच नव्हतं. वारा पुन्हा उठला.

"दहा, स्वेर्रे."

खरखर.

इंग्रुनचे दिवे गेले. मी मोजलं, एक, दोन, तीन. मला समोर ट्रकचे दिवे दिसले. मोठे, स्वच्छ, सरळ समोर.

मधे कुणी नसल्यासारखे.

मग निळी गाडी पुन्हा होती.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. या वेळी मी सहापर्यंत मोजलं.

मी कामातली बाई आहे, हातपाय गाळत नाही. मी विचार केला. नऊ सांगितल्या आहेत, दहा चालल्या आहेत, एक जाणार. पण आकडा गाड्यांचा आहे, माणसांचा नाही. आणि माझी गाडी आकड्यात नाही. इंग्रुन माझ्या गाडीत बसली, तर डोंगराने तिची गाडी खुशाल न्यावी. नियम मोडत होता, पण हिशेब बसत होता.

मी छतावरच्या भोंग्यातून ओरडले.

"इंग्रुन, थांब. गाडी तिथेच सोड. माझ्याकडे ये."

तिच्या ब्रेकचे दिवे लागले. निदान मला तसं वाटलं. पुढ्यात सगळं पांढरं झालं. मी काही दिसायची वाट बघत सातपर्यंत मोजलं.

माझ्या शेजारचं दार उघडलं. वाऱ्याबरोबर बर्फाचा लोट आत आला, आणि ती आली. टोपी पुढे ओढलेली, मान खाली. तिने दार लावलं.

"इंजिन बंद केलंस?"

तिने मान हलवली.

मी रडले, खोटं कशाला सांगू. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, हीटर शेवटपर्यंत फिरवला आणि गाडी सावकाश पुढे काढली. तिची गाडी कुठे उभी असेल त्या अंदाजाने वळसा घेतला. गाडी दिसली नाही. वाऱ्याने झाकली असेल.

"गाडीचं बघू गं नंतर," मी म्हटलं. "तुझी पाळी वाचली ना?"

ती बोलली नाही. थकली असेल, दोन तास फावडं मारलं होतं. तिच्या अंगाला मासळीचा वास कायम असतो, कितीही साबण लावला तरी. त्या दिवशी नव्हता. तीन दिवस ती कारखान्यात गेली नव्हती, म्हणून नसेल.

उतार लागला. चाळीस मिनिटं मी ट्रकच्या मागे होते, म्हणजे ट्रकच्या असणार असं मी धरलं होतं, कारण दूरवर काहीतरी लुकलुकत होतं. खाली स्कार्वनेसचे दिवे दिसले. वायरलेस एकदम स्वच्छ बोलायला लागला.

"दहा," स्वेर्रे म्हणाला. "आकडा जुळला. ये तू."

मला बटण सापडेना.

"नऊ," मी म्हटलं. "मी नऊ सांगितल्या होत्या."

"आणि मग बारा वेळा दहा सांगितल्यास. अगं, ऐकलं मी, पहिल्या वेळीच ऐकलं. उत्तर देतोय तर तुझ्यापर्यंत पोचत नव्हतं." तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "शेवटची तुझ्या लेकीची. निळी. काच खाली करून मला म्हणाली, 'आईला सांग, पोचले वेळेवर.' गात होती बघ."

खांब शंभर मीटरवर आला होता. कारखान्याच्या आवारात निळी गाडी शिरताना मला दिसली. इंडिकेटर अजून लुकलुकत होते.

"स्वेर्रे," मी विचारलं, "तिच्या बॉनेटवर बर्फ होता का?"

"छे. ओलं चकचकीत. वाफ निघत होती. का गं?"

हीटर पूर्ण चालू होता. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी मान वळवली. शेजारची माझ्याकडेच बघत होती. तिच्या टोपीवर, खांद्यांवर आणि पापण्यांवर माथ्यावरचा बर्फ अजून तसाच होता, कोरडा.